स्विफ्टसाठी शॉकप आणि स्प्रिंग: कसारा घाट, उकरलेले रस्ते आणि आईची पाठ

पाथर्डीफाटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडीच्या सस्पेन्शनबद्दल, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉकप (शॉक ॲब्सॉर्बर) यांबद्दल सल्ला हवाय. थोडं सविस्तर लिहितो.

गाडी २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय, १ लाख १८ हजार किमी झालेत, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे. इंजिन खणखणीत आहे आणि गाडी विकायची नाही. पण गेल्या वर्षभरात चाल बिघडलीय. कसारा घाटात वळण घेताना गाडी बाहेरच्या बाजूला लोळते आणि वळण सुटल्यावर सावरायला वेळ घेते. समृद्धीवर १०० च्या पुढे गेलं की पुलाच्या सांध्यांवर मागचा भाग दोन-तीनदा वरखाली डोलतो. नाशिक शहरात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत, तिथं डाव्या पुढच्या चाकातून धाडधाड आवाज येतो.

महिन्यातून दोनदा आईला घेऊन ठाण्याला जावं लागतं. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. खड्डा दिसला की ती वरचं हँडल दोन्ही हातांनी धरते, डोळे मिटते, आणि विचारलं तर "काही नाही, चालव तू" म्हणते. मला ते बघवत नाही.

एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी ३० मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा सुचवल्या. म्हणाले, लोळणं बंद होईल, शॉकप अजून चालतील. दुसऱ्या ठिकाणी नेमका उलटा सल्ला मिळाला: स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, गाडी उचलून येईल. दोघांनीही गाडी चालवून पाहिली नाही. बजेट २५ हजारांपर्यंत आहे. काय करावं?

डिझेलप्रेमी

भाऊ, नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा अजिबात टाकू नका. मी आधीच्या गाडीत तेच केलं होतं, जुन्या शॉकपवर नवीन कडक स्प्रिंगा. पहिले आठ दिवस फार आवडलं. मग पेठ रोडला सावळघाटात एका वळणावरच्या उंचवट्यावर गाडी अशी उडत गेली की मागच्या चाकांना जमीन सापडेना. चार महिन्यांत पुढचे दोन्ही शॉकप गळले. स्प्रिंगा काढून मूळच्या बसवल्या, म्हणजे मजुरी दोनदा गेली.

पाना_नंबर_१४

दादा, मी गॅरेजवाला आहे, एकवीस वर्षं सस्पेन्शनचंच काम करतो. काय घ्यायचं हे नंतर, आधी काय गेलंय ते बघा. घरी बघण्यासारख्या गोष्टी सांगतो.

एक, चारही चाकांशी उंची मोजा. जमिनीपासून नको, टायरच्या हवेनं फरक पडतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप धरा. गाडी सपाट जागेवर, आत कोणी नाही, डिकी रिकामी.

दोन, शॉकपच्या नळीवर बोट फिरवा. धुळीचा पातळ तेलकट थर असेल तर घाबरू नका. रॉड वरखाली होताना थोडं तेल सोबत आणतो. पण नळी ओली असेल, ओघळ खालपर्यंत आला असेल, तर तो शॉकप गेला.

तीन, टायरवर हाताचा तळवा फिरवा, गोलाकार, सावकाश. रबरात एकाआड एक खोलगट-उंच असे चट्टे लागले तर चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, ते टपटप उडत चाललंय. डोळ्याला हे दिसत नाही, हाताला लगेच कळतं. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची पद्धत सगळे वापरतात, पण तिच्यात फक्त पार मेलेला शॉकप पकडला जातो. अर्धामेला सुटतो.

चार, इंजिन चालू ठेवून गाडी उभी करा, एकाला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या स्प्रिंगला बाहेरून बोटांची टोकं नुसती टेकवा. वेटोळ्यांच्या फटीत बोट घालू नका. स्प्रिंग गुळगुळीत फिरायला पाहिजे. अडकून अडकून "टुक" करून झटका देत असेल तर वरच्या माउंटिंगचं (शॉकपला वर बॉडीशी धरणाऱ्या रबरी भागाचं) बेअरिंग गेलंय. तुमची धाडधाड बहुतेक तिथून किंवा लिंक रॉडमधून येतेय. नव्या स्प्रिंगनं ती जाणार नाही.

हे बघा आणि इथे लिहा. मग बोलू.

सातपूर_टूलरूम

पानादादांनी उत्तम सांगितलंय. मी फक्त स्प्रिंग आणि शॉकप यांचं नातं लिहितो, कारण दुकानात नेमकं तेच सांगितलं जात नाही.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल आवरतो. खड्ड्यातून निघताना स्प्रिंग दाबली जाते, तिच्यात शक्ती साठते आणि ती परत फेकायला बघते. शॉकपमधलं तेल बारीक झडपांतून ढकललं जातं आणि ती शक्ती उष्णतेत जिरते. घाट उतरून आल्यावर शॉकपच्या नळीला हात लावा, कोमट लागेल. म्हणूनच चांगल्या शॉकपचा आवर दाबताना कमी आणि परत लांबताना जास्त ठेवलेला असतो. खड्ड्याचा मार सौम्य बसावा आणि उसळी धरून ठेवावी, हा त्यामागचा हिशोब.

आता आकडे. पुढच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आणि चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी धरला, तर बॉडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा वरखाली होते. साध्या प्रवासी गाड्या बहुधा १ ते १.५ च्या दरम्यान ठेवलेल्या असतात. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की हाच आकडा १.५ च्या जवळ जातो. शॉकप तोच राहिला तर नव्या स्प्रिंगच्या मानानं त्याचा आवर १२ टक्क्यांनी तोकडा पडतो, आणि हे शॉकप नवा असताना. १ लाख १८ हजार किमी झालेल्या शॉकपवर तीच स्प्रिंग टाकली तर डिझेलप्रेमींच्या गाडीचं जे झालं तेच होणार.

"तार थोडी जाड घेऊन लोकल बनवून देतो" असंही कोणी सांगेल. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिमीची तार १३ केली तर स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. एक मिलिमीटर! वेटोळं कापलं तरी स्प्रिंग कडकच होते, कारण पिळायला तार कमी उरते. शिवाय कापलेलं टोक बैठकीत बसत नाही आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागची सरकते. कापलेली स्प्रिंग कुणाच्याही गाडीत नको.

आईंच्या पाठीबद्दल एक महत्त्वाचं. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला ४ ते ८ वेळच्या उभ्या कंपनाचा सर्वांत जास्त त्रास होतो. बॉडीचं १.३ चं संथ डोलणं फार तर मळमळ देईल, पाठीला मारत नाही. पाठीला मारतं ते खालून येणारं कडक थरथरणं आणि सस्पेन्शन तळाला जाऊन बंप स्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) आदळणं. गाडी ३० मिमी खाली आणली की दाबायला उरलेल्या जागेतूनच ३० मिमी गेले, म्हणजे आदळणं वाढलं. तुमच्या कामासाठी लोअरिंग हा उलट्या दिशेचा रस्ता आहे.

गंगापूररोडची

थोडा वेगळा अनुभव लिहिते. माझी पोलो आहे आणि ती खाली आणलेली आहे. आयबाख कंपनीच्या स्प्रिंगा, सोबत बिल्स्टीन कंपनीचे बी८ शॉकप. तीन वर्षं झाली, मी अत्यंत समाधानी आहे. महामार्गावर गाडी रस्त्याला चिकटून चालते, लेन बदलताना एका झटक्यात बसते. त्यामुळे लोअरिंग म्हणजे वाईटच असं कृपया लिहू नका.

पण मी जोडी जुळवून घेतली होती. बिल्स्टीनमध्ये बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो आणि बी८ आखूड केलेला, खाली आणलेल्या गाडीसाठी. मला आधी बी६ देऊ करत होते, स्वस्तात मिळतोय म्हणून. मी कॅटलॉग समोर ठेवला तेव्हा बी८ मागवला गेला. बंप स्टॉपसुद्धा स्प्रिंगसोबत आलेल्या सूचनेप्रमाणे बदलले.

किंमतही मोजतेय. सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक मी तिरका, एकेक चाक चढवून ओलांडते. पावसाळ्यात त्र्यंबकला जायचं असेल तर नवऱ्याची गाडी नेते. माझ्या आईलाही या गाडीत मागे बसायला आवडत नाही. पाथर्डीफाटा, तुमची गरज बघता मी तुम्हाला हे सुचवणार नाही.

डिझेलप्रेमी

ताई, जोडी जुळवण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझी चूक तिथेच झाली होती.

गतिरोधकावरून आठवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेमी उंच सांगितलाय, २५ च्या वेगानं ओलांडता यावा असा. आपल्या कॉलन्यांत रुंदी असते जेमतेम एक हात आणि उंची मात्र जवळपास मानकाएवढीच. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून तळाची उंची) १७० मिमी, चार माणसं बसली की तोही कमी होतो. हा हिशोब स्प्रिंग निवडतानाच करायला हवा.

पाथर्डीफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पानादादांनी सांगितलं तसं सगळं केलं, धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवून.

उंची: पुढे डावी-उजवी सारखी, २ मिमीचा फरक. मागे डावी बाजू उजवीपेक्षा १२ मिमी खाली.

पुढचा डावा शॉकप ओला आहे, ओघळ खालच्या बोल्टपर्यंत आलाय. उजवा कोरडा. मागचे दोन्ही दिसायला कोरडे, पण मागच्या दोन्ही टायरांवर तळवा फिरवल्यावर चट्टे स्पष्ट लागले. मी दर आठवड्याला गाडी धुतो, आजवर कधी लक्षात आलं नव्हतं.

डावी स्प्रिंग स्टिअरिंग फिरवताना दोनदा अडकून सुटली. टुक आवाज बोटांना आधी कळला, कानाला नंतर.

पाना_नंबर_१४

आता चित्र स्वच्छ झालं. पुढचा डावा गेला म्हणजे पुढचे दोन्ही बदलायचे, एकटा कधीच नाही. नवा-जुना एकत्र असला तर ब्रेक मारल्यावर गाडी तिरकी बसते. मागचे दोन्ही आतून मेलेत, टायरनं सांगितलंच. मागची डावी स्प्रिंग बसलीय, तिथेही जोडीच बदला. पुढच्या स्प्रिंगा सारख्या आहेत, गंज-चीर नसेल तर राहू द्या. पुढची दोन्ही माउंटिंग बेअरिंगसकट, डस्ट कव्हर, बंप स्टॉपर नवीन घ्या. स्ट्रट (पुढची शॉकप-स्प्रिंगची एकत्र जोडणी) एकदा उघडला की त्यातलं रबर जुनं ठेवून परत बांधायचं नाही, नाहीतर सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा.

लिंक रॉड हातानं हलवून बघायला सांगा. ढिली असेल तर तीही जोडीनं. घाटातलं लोळणं रोखतो तो स्टॅबिलायझर बार, आणि त्याला शॉकपशी जोडते ती ही वीतभर रॉड. ती खिळखिळी झाली की बार असून नसल्यासारखा.

दिंडोरीकर

रबरी बफरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी द्राक्षबाग आहे. हंगामात मागची सीट पाडून गाडीत क्रेट भरतो, पहाटे बागेतून निघायचं, रस्ता अर्धा कच्चा. मागून गाडी बसते म्हणून दोन वर्षांपूर्वी मागच्या स्प्रिंगांत बफर घालून घेतले. भरलेली असताना खरोखर फरक पडला, खोटं बोलणार नाही. रिकामी मात्र बैलगाडीसारखी आपटायची. बायको म्हणाली, मी या गाडीत बसणार नाही.

दुसऱ्या हंगामात डावी स्प्रिंग तुटली. बरोबर बफरच्या कडेला. तुकडा काढून हातात घेतला तर तुटलेल्या तोंडावर अर्ध्यात जुना काळपट गंज आणि अर्ध्यात ताजी चकाकी. म्हणजे चीर आधीपासून होती, शेवटचा धक्का त्या दिवशी बसला. गाडीत तेव्हा पोरं नव्हती, एवढंच बरं.

सातपूर_टूलरूम

दिंडोरीकर, फार उपयोगाचं निरीक्षण. बफर ज्या दोन वेटोळ्यांत बसतो ती वेटोळी पिळायची थांबतात, मग सगळा पीळ उरलेल्या तारेवर येतो. बफरच्या कडेशी रंग घासला जातो, तिथं चिखल-पाणी साठतं, गंज धरतो आणि थकव्याची चीर तिथूनच सुरू होते. तुमच्या तुकड्यावरची काळी आणि चकाकती बाजू म्हणजे नेमकी तीच गोष्ट.

ओझ्यासाठी मागे टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या तक्त्यात पूर्ण भारासाठी दिलीय तेवढी ठेवा, आणि क्रेट शक्यतो मागच्या आसाच्या (ॲक्सलच्या) पुढे, सीट पाडलेल्या जागेत लावा. गाडीची कमाल भारक्षमता स्प्रिंग बदलून वाढत नाही. आस, बेअरिंग, ब्रेक तेच राहतात.

दिंडोरीकर

सर, क्रेट मी डिकीच्या दारापर्यंत लावत होतो. या हंगामात बदलतो. फेऱ्या वाढल्या तरी चालतील.

घाटवाट

उशिरा आलो. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा काही वर्षं एका गाडीच्या सर्व्हिस टीममध्ये हात काळे केलेत. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

रॅली म्हटलं की लोकांना खाली दबलेली, दगडासारखी कडक गाडी वाटते. कच्च्या स्टेजची (रॅलीतल्या कच्च्या रस्त्याच्या टप्प्याची) गाडी प्रत्यक्षात उंच असते, तिच्या स्प्रिंगा त्या मानानं मऊ, प्रवास लांब, आणि पैसा सगळा शॉकपमध्ये. खड्ड्यांच्या रस्त्यावर वेगात जायचं तर चाकाला वरखाली व्हायला जागा लागते आणि ती हालचाल आवरायला चांगला शॉकप लागतो. आपले रस्ते स्टेजपेक्षा फार वेगळे नाहीत. आम्ही घरच्या गाड्यांनाही हाच नियम लावत आलो: उंची मूळची, स्प्रिंग मूळची, शॉकप आपल्या ऐपतीत सर्वांत चांगला.

आता शॉकपची निवड. बाजारात मोटामोटी तीन जाती. साधा तेलाचा ट्विन ट्यूब (नळीत नळी), कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला ट्विन ट्यूब, आणि मोनोट्यूब (एकच नळी). लागोपाठ खड्डे आले की साध्या शॉकपमधल्या तेलाचा फेस होतो, आणि फेस झडपेतून सहज निघून जातो, आवर राहत नाही. तुमची गाडी खराब पट्ट्याच्या शेवटी जास्त उड्या मारत असेल तर हेच कारण. नायट्रोजनचा दाब फेस होऊ देत नाही. मोनोट्यूबमध्ये वायू आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, दाब २० ते ३० बार, फेसाचा प्रश्नच उरत नाही आणि उष्णताही लवकर बाहेर पडते. बिल्स्टीननं १९५७ मध्ये मर्सिडीझसाठी मोनोट्यूब मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला, तेव्हापासून तो टिकून आहे.

तरी तुम्हाला मी मोनोट्यूब सुचवत नाही. एक म्हणजे तो लहान हालचालींवरही कडक लागतो, आईंना ते जाणवेल. दुसरं, साध्या मोनोट्यूबचा पिस्टन बाहेरच्या नळीतच चालतो, दगड उडून नळीला पोचा पडला की पिस्टन तिथं अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेर पोचा पडला तरी आतली नळी शाबूत असते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यावर सुटी खडी किती असते ते सांगायला नको.

वायूभरलेला ट्विन ट्यूब घ्या. केवायबी कंपनीचा एक्सेल-जी त्या जातीचा आहे, मोनरोमध्ये आहेत, गॅब्रिएलमध्ये आहेत. गॅब्रिएलचा एक कारखाना तर आपल्या अंबडमध्येच आहे, मुख्यतः दुचाकींचे शॉकप बनतात तिथे. नावापेक्षा तुमच्या गाडीचा, तुमच्या वर्षाचा, डिझेलचा पार्ट नंबर आहे का ते बघा. पेट्रोलचा शॉकप डिझेलला "बसतो" असं सांगतील. बोल्ट बसतात, पण डिझेलचं इंजिन जड, नाकावरचं वजन जास्त, झडपांची जुळणी वेगळी. स्प्रिंगांवर रंगाचे ठिपके असतात तेही याच ओळखीसाठी. जुनी काढण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.

बिल पक्कं घ्या. खोकं फाटलेलं, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावलेली असेल तर परत करा.

गंगापूररोडची

घाटवाट, मोनोट्यूब कडक लागतो हे खरं, पण माझ्या अनुभवात ते ५० च्या खालीच. वेग वाढला की उलट शांत होतो. पोचा पडण्याचा मुद्दा मात्र मला माहीत नव्हता, उद्याच खाली वाकून बघते.

घाटवाट

ताई, तुमच्या वापराला तीच जोडी योग्य आहे. जेवढा खर्च कराल तेवढा महामार्गावर वसूल होतो. मी शहर आणि घाट धरून लिहिलं.

चौकटराजा

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. झिजलेल्या शॉकपच्या जागी बरोबरीचा शॉकप घालणं ही दुरुस्ती झाली. उंची बदलणं, स्पेसर घालून गाडी उचलणं, हे वादात सापडू शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर काय लिहील याचाही विचार करा.

पाना_नंबर_१४

स्पेसरचं नाव निघालं म्हणून एक ओळ. माउंटिंगच्या वर ॲल्युमिनियमची चकती घालून गाडी उचलतात, त्यानं ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो आणि जॉइंट कटकट करायला लागतात. असल्या तीन गाड्या माझ्याकडे या वर्षात आल्यात.

टायरवाला_मित्र

धागाकर्त्याला प्रश्न: टायर कोणत्या मापाचे? व्हीडीआयला १६५/८० आर१४ येतात. त्यांची बाजूची भिंत १३२ मिमी उंच. वरच्या प्रतीच्या झेडडीआयला १८५/६५ आर१५ होते, भिंत १२० मिमी. बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६२० आणि ६२२ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटरला धक्का लागत नाही. घाटातल्या लोळण्यातला काही भाग शॉकपचा नसून टायरच्या भिंतीचा असतो. पुढे टायर बदलायची वेळ येईल तेव्हा विचार करा. आत्ता नको, कारण उंच भिंत खड्ड्याचा मार खाते आणि आईंना तीच हवी.

पाथर्डीफाटा

१६५/८० च आहेत. मागचे दोन चट्ट्यांमुळे बदलावे लागतील असं दिसतंय, पण माप तेच ठेवतो.

निर्णय झाला. पुढे-मागे चारही वायूभरलेले ट्विन ट्यूब, मागच्या दोन स्प्रिंगा कंपनीच्या मूळच्या, पुढची माउंटिंग, स्टॉपर, कव्हर आणि लिंक रॉड. बजेटमध्ये बसतंय, टायर वेगळे. पानादादा, काम करून घेताना मी उभा राहणार आहे. कुठं लक्ष ठेवू?

पाना_नंबर_१४

उभं राहा, चांगला कारागीर त्याला हरकत घेत नाही. पाच-सहा ठिकाणी डोळा ठेवा.

नवा शॉकप खोक्यातून आडवा येतो, त्यात हवा इकडची तिकडे झालेली असते. बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायचा. पहिल्या दोन दाबांत मध्येच पोकळ लागेल, मग एकसारखा जड होईल. तसं झाल्यावरच बसवायचा. पुष्कळ "नवीनच आवाज करतो" तक्रारी इथूनच येतात.

चकचकीत रॉडला पक्कड लावू द्यायची नाही, कापड गुंडाळूनसुद्धा नाही. एक ओरखडा पडला की तो सील कापत राहतो. वरचा नट सोडवायला रॉड आतल्या खाचेनं धरतात, त्याची हत्यारं असतात.

स्प्रिंग दाबायला कंप्रेसर समोरासमोर दोन्ही बाजूंना. तेव्हा तुम्ही लांब उभे राहा, समोर नको. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण हे नव्वद टक्के ठिकाणी चुकतं असा माझा अनुभव आहे. रबरी बुश (सांध्यातली रबरी कडी) ज्या बोल्टवर असतात, मागच्या शॉकपचा खालचा बोल्ट किंवा लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) उघडला तर त्याचे बोल्ट, ते गाडी जॅकवर लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची, मग आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो, वर्षभरात फाटतो आणि तोवर गाडी कारण नसताना कडक लागते.

शेवटी व्हील अलाइनमेंट. त्याच दिवशी नको, दोन-तीनशे किमी चालवून करा, सगळं आपापल्या जागी बसतं. तोवर स्टिअरिंग वाकडं वाटलं तर मात्र लगेच.

पाथर्डीफाटा

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीराबद्दल क्षमस्व.

काम झालं, सकाळी दहा ते दुपारी तीन. पुढचं डावं माउंटिंग काढलं तेव्हा रबर धातूपासून पूर्ण सुटलेलं होतं, हातात दोन तुकडे आले. लिंक रॉडचा गोळा बोटानं फिरत होता. मागची जुनी डावी स्प्रिंग उजवीशेजारी फरशीवर उभी करून ठेवली तर ती बोटभर बुटकी होती. मागचा जुना शॉकप दाबून सोडला, तो दाबलेलाच राहिला, वर आलाच नाही. इतकी वर्षं गाडी या स्थितीकडे हळूहळू सरकत होती आणि मी रोज तीच चालवत होतो.

बोल्टचं सांगितलं तेव्हा कारागीर आधी म्हणाला, काही फरक पडत नाही. मी विनंती केली, त्यानं गाडी उतरवून रॅम्पवर परत घेतली आणि चाकांवर उभी असताना आवळले. अलाइनमेंट २५० किमीनंतर केलं, पुढे टो (चाकांचा आत-बाहेर कल) थोडा बाहेर होता, तो मापात आला.

पहिले दोन-तीनशे किमी मागून जरा कडक वाटली, नंतर मोकळी झाली. समृद्धीवर सांध्यावरून गेल्यावर मागचा भाग एकदा खाली जातो, वर येतो आणि थांबतो. कसारा घाटात गाडी अजूनही थोडी झुकते, पण झुकून तिथेच थांबते, मग मला स्टिअरिंग दुसऱ्यांदा सावरावं लागत नाही. धाडधाड पूर्ण बंद.

परवा आईला ठाण्याला नेलं. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. घाट संपून खर्डीच्या पुढे आलो तेव्हा बघितलं, हात मांडीवर होते आणि ती झोपली होती.

दिंडोरीकर

वाचून बरं वाटलं दादा. मागच्या स्प्रिंगा मूळच्याच म्हणालात, त्यांचा पार्ट नंबर आणि रंगाच्या ठिपक्यांचा फोटो टाकता का? माझीही डिझेलच आहे, हंगामाआधी करून घेतो.

पाथर्डीफाटा

आज संध्याकाळी गाडीखाली जाऊन फोटो काढतो आणि इथेच टाकतो. जुन्या दोन्ही स्प्रिंगाही ठेवल्यात, मोजमाप हवं असेल तर सांगा.